पोहरा सोन्याचा, पण आडाचे काय?

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या मोठ्या धरणाच्या पायथ्याशी येलदरी हे गाव आहे. धरणालगत साडेबावीस मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. आम्हाला शाळेत विज्ञान शिकविणारे गुरुजी निवृत्तीनंतर याच गावी राहतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला, "मुलाने परदेशातून एक यंत्र आणले आहे. दीड लाखाचे आहे म्हणतो. आवाज मात्र पाच हजारांच्या रेडिओसारखा येतो. तू एवढा डॉक्टर झालास, तर येऊन बघ." गुरुजींच्या बोलण्यातला हा टोला आमच्या जुन्या ओळखीचा होता. आम्ही गेलो.

ते यंत्र म्हणजे अंकीय ध्वनीचे विद्युत-लहरींत रूपांतर करणारा रूपांतरक, बाजारातल्या भाषेत 'डॅक'. सोबत चाळीस पानांची माहितीपुस्तिका होती. तीत यंत्र कसे जोडावे हे चार पानांत आणि यंत्र किती थोर आहे हे छत्तीस पानांत सांगितले होते. दोन दिवस आम्ही ते यंत्र जोडले, चालविले, तपासले. त्याची ही समीक्षा आहे. कंपनीचे नाव आम्ही देत नाही, कारण अशी भाषा वापरणारी ती एकटी नाही.

शिक्षकांच्या मासिकात अशा चैनीच्या वस्तूची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. याची कारणे दोन. एक, आज प्रत्येक मोबाइलमध्ये, संगणकात आणि शाळेच्या डिजिटल फळ्यात असा रूपांतरक असतोच. त्याचे तत्त्व दहावीच्या मुलालाही समजावून देता येते, आणि मोठमोठ्या आकड्यांनी सजलेल्या जाहिराती कशा वाचाव्यात याचा तो उत्तम धडा आहे. दुसरे कारण गुरुजींच्या पत्र्याच्या पेटीत होते. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

धरणाची पातळी आणि आवाजाचे नमुने

संगणकात आवाज साठविलेला असतो तो केवळ आकड्यांच्या रूपाने. हवेचा दाब क्षणोक्षणी बदलतो, तो बदल मायक्रोफोन विजेच्या दाबात उतरवतो आणि त्या दाबाचे मोजमाप ठरावीक अंतराने लिहून ठेवले जाते. यालाच नमुने घेणे म्हणतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविलेला असतो. रूपांतरकाचे काम उलटे. आकड्यांच्या या यादीवरून त्याने मूळची सलग लहर पुन्हा काढून द्यायची.

येथे मुलांना (आणि मोठ्यांनाही) एक शंका येते. दोन नमुन्यांच्या मधले काय? ते तर हरवले. मग जितके नमुने जास्त तितका आवाज अस्सल, हे ओघानेच आले. ही शंका गुरुजींच्या अंगणात बसून फेडणे सोपे गेले, कारण समोर धरण होते. धरणातल्या पाण्याची पातळी मोजायची आहे असे समजा. पावसाळ्यातही एवढ्या मोठ्या जलाशयाची पातळी मिनिटामिनिटाला वर-खाली उड्या मारीत नाही. तासाला एक नोंद घेतली तरी पातळी कशी चढली व उतरली याची संपूर्ण वक्ररेषा काढता येते. सेकंदाला नोंद घेतल्यास नोंदवही जाड होईल, माहिती वाढणार नाही. अट एकच. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा मोजमापात शिरता कामा नयेत. म्हणून पातळी मोजण्याच्या ठिकाणी काठाशी एक विहीर बांधतात आणि अरुंद नळीने ती पाण्याशी जोडतात. लाटा नळीतून आत येत नाहीत, पातळी तेवढी येते.

ध्वनीच्या बाबतीत हीच गोष्ट गणिताने सिद्ध झाली आहे. नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये, कोतेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या विचारांतून आलेला हा सिद्धांत असे सांगतो की, लहरीतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले तर मूळ लहर संपूर्णपणे परत मिळविता येते. 'जवळजवळ' असा शब्द त्यात नाही. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला २०,००० कंपने, म्हणजे २० किलोहर्ट्झ. तीही लहानपणीची, चाळिशी ओलांडलेल्यांना १५-१६ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू आले तरी पुष्कळ. तेव्हा ४४,१०० नमुने पुरेसे ठरतात. नमुने घेण्यापूर्वी त्याहून वरची कंपने गाळून टाकणारी चाळणी लावावी लागते. ती म्हणजे आपली काठावरची विहीर.

पुस्तिकेतील दावे

पहिला दावा चित्राच्या रूपाने होता. डाव्या बाजूला जिन्यासारखी खडबडीत रेषा, खाली लिहिलेले 'सीडी'. उजव्या बाजूला गुळगुळीत रेषा, खाली यंत्राचे नाव. हे चित्र आम्ही अनेक जाहिरातींत पाहिले आहे आणि ते चूक आहे. रूपांतरकातून जिना बाहेर पडत नाही. जिन्याच्या कडा म्हणजे श्रवणमर्यादेच्या वरची कंपने, आणि ती बाहेर पडण्यापूर्वीच गाळली जातात. दिलेल्या सर्व बिंदूंमधून जाणारी आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जलद कंपने नसलेली रेषा एकच असते आणि तीच बाहेर येते. हे काम आज काहीशे रुपयांचा रूपांतरकही करतो. शाळेत ऑसिलोस्कोप असल्यास मोबाइलवर १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून पडद्यावर पाहावे. पायऱ्या दिसणार नाहीत.

दुसरा दावा २४ बिटांचा. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या, तर २४ बिटांत १,६७,७७,२१६. आकडा भारदस्त आहे. आता हिशेब करू. प्रत्येक बिटामागे सर्वांत मोठ्या व सर्वांत बारीक आवाजातले अंतर सुमारे ६ डेसिबेलने वाढते. म्हणजे १६ बिटांना ९६ आणि २४ बिटांना १४४ डेसिबेल. या यंत्रातून जास्तीत जास्त २ व्होल्टचा संदेश बाहेर येतो. त्याची वरपासून खालपर्यंतची उंची सुमारे ५.७ व्होल्ट. तिचे पावणेदोन कोटींच्या आसपास भाग केले तर एक पायरी येते ०.३४ मायक्रोव्होल्टची. इकडे १,००० ओहमचा साधा रोधक घ्या. त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेमुळे होणाऱ्या धावपळीतून, खोलीच्या तापमानाला व २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे ०.६ मायक्रोव्होल्टची खरखर आपोआप निर्माण होते. म्हणजे शेवटची पायरी रोधकाच्या स्वतःच्या खरखरीत बुडालेली आहे. उत्तमातले उत्तम रूपांतरकही १३० डेसिबेलच्या आसपास थांबतात ते यामुळेच. त्यात कारखान्याचा दोष नाही. तो निसर्गाचा नियम आहे.

आणि कान? येलदरीत रात्री पंखा बंद केल्यावर खोलीत २५ ते ३० डेसिबेलची शांतता असावी. तिच्यावर ९६ डेसिबेल चढवले तर आपण १२५ डेसिबेलच्या आसपास, म्हणजे कान दुखू लागण्याच्या सीमेवर पोहोचतो. सोळा बिटांची संपूर्ण पट्टी घरात वापरायची झाली तर शेजारी पोलिसांना बोलावतील.

मग २४ बिट निरुपयोगी आहेत काय? नाही, आणि येथे यंत्राला त्याचे श्रेय दिले पाहिजे. या यंत्रात आवाज कमी करण्याचे काम आकड्यांवरच होते. दर ६ डेसिबेल आवाज उतरविला की एक बिट खर्ची पडतो. सोळा बिटांची ध्वनिफीत २४ बिटांच्या घरात बसविली तर आठ बिट, म्हणजे ४८ डेसिबेल, हाताशी राहतात. आवाज उतरवूनही मूळ बिट शाबूत राहतात. शिवाय आवाज नोंदविताना २४ बिटांचा फार मोठा उपयोग आहे, तो पुढे येईलच.

तिसरा दावा घड्याळाचा. नमुने ठरल्या क्षणी बाहेर पडले नाहीत, थोडे मागेपुढे झाले तर लहर बिघडते, हे खरे. याला थरथर म्हणू. पुस्तिकेत घड्याळाची अचूकता फेम्टोसेकंदांत दिली होती. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा हजार-लाख-कोटीवा भाग. थरथर एक नॅनोसेकंद, म्हणजे फेम्टोसेकंदाच्या दहा लाख पट, असली तरी १० किलोहर्ट्झच्या पूर्ण जोराच्या सुरात तिच्यामुळे येणारा दोष त्या सुराच्या ८४ डेसिबेल खाली असतो. बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८ मध्ये केलेल्या प्रयोगांत संगीतातली थरथर ओळखू येण्यास सुमारे २० नॅनोसेकंद लागले. चांगले घड्याळ बसविल्याबद्दल कंपनीचे कौतुक करावे, पण त्यामुळे 'गायक समोर येऊन बसतो' असे म्हणण्याला आधार नाही.

चौथा दावा असा की यंत्र २०० तास चालविल्यानंतरच त्याचा खरा आवाज उमलतो. आमच्या मते २०० तासांत उमलतो तो ऐकणाऱ्याचा कान. माणूस कोणत्याही आवाजाला सरावतो. यंत्र परत करण्याची मुदत तोपर्यंत संपलेली असते, हा योगायोग समजावा.

जोडणी

आता गुरुजींच्या तक्रारीकडे वळू. आवाज वाईट होता हे खरेच होते. आम्हाला चार कारणे सापडली आणि त्यांतले एकही रूपांतरकाच्या आत नव्हते.

पहिले, एक सतत गुणगुण. विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात, त्यांचाच हा सूर. संगणकाचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालविला तर गुणगुण थांबली. म्हणजे संगणक आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर असल्याने दोन अर्थिंगच्या तारांमधून आणि ध्वनीच्या तारेतून एक वेटोळे पूर्ण होत होते. तिन्ही उपकरणे नीट अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घेतली आणि प्रश्न मिटला. असा त्रास झाला की काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. गुणगुण थांबते, पण जीव धोक्यात येतो. तसे कदापि करू नये.

दुसरे, आवाजाचे बटण. रूपांतरकाचे २ व्होल्ट त्या जुन्या ॲम्प्लिफायरला फार होत होते. बटण किंचित फिरविले की आवाज भडकायचा आणि त्या टोकाला डावी-उजवी बाजूही सारखी वाजत नव्हती. रूपांतरकाचा आवाज १५ डेसिबेलने उतरविला, तेव्हा बटण मध्यापर्यंत आणता आले. वर सांगितलेले आठ बिट येथे उपयोगी पडले.

तिसरे, संगणकातील मांडणी. फायलीत ४४,१०० नमुने असताना संगणक स्वतःहून ते ४८,००० करून पाठवीत होता. रूपांतरकाच्या पडद्यावर तो आकडा दिसत होता, पण तो पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते. याने फारसा बिघाड होत नाही, तरी मूळ आकडे जसेच्या तसे पाठविणे चांगले. संगणकाच्या मांडणीत तो बदल दोन मिनिटांत झाला.

चौथे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे खोली. दोन्ही स्पीकर कोपऱ्यात, लोखंडी कपाटाला टेकून होते. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. कोपऱ्यात खर्जाचे सूर फुगतात आणि फरशी-पत्र्यातून वरचे सूर आदळत राहतात. आम्ही स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, काकूंनी शिवलेल्या दोन गोधड्या समोरच्या भिंतीवर टांगल्या आणि एक सतरंजी अंथरली. आवाजातला बदल स्वयंपाकघरातून काकूंनाही जाणवला. दीड लाखाच्या यंत्राने जे झाले नव्हते ते गोधडीने झाले.

पडद्याआडची परीक्षा

तरीही प्रश्न उरतोच. हे यंत्र स्वस्त रूपांतरकापेक्षा खरोखर चांगले वाजते का? यावर वाद घालण्यापेक्षा परीक्षा घ्यावी असे गुरुजींनीच सुचविले. आमच्याजवळ मोबाइलला लावायचा, अंगठ्याएवढा, हजार रुपयांच्या आतला रूपांतरक होता. दोन्ही ॲम्प्लिफायरच्या दोन वेगळ्या खाचांना जोडले. पंडित भीमसेन जोशी यांच्या गायनाच्या सीडीवरून घेतलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा दोन्हींवर वाजविला. घरातल्या पाचही जणांनी महाग यंत्राला कौल दिला.

पण लहान रूपांतरक १ व्होल्ट देतो आणि मोठा २ व्होल्ट. दुप्पट व्होल्ट म्हणजे ६ डेसिबेल जास्त आवाज. आणि जरासा मोठा आवाज माणसाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. फरक अर्ध्या डेसिबेलचा असला तरी ही फसगत होऊ शकते. म्हणून स्पीकरच्या तारांना मल्टिमीटर लावून दोन्हींचे व्होल्ट तीन टक्क्यांच्या आत जुळविले. साधा मल्टिमीटर जलद कंपनांना नीट मोजत नाही, म्हणून त्यासाठी १०० हर्ट्झचा सूर घेतला. मग पडदा टांगला. दहावीतला नातू पडद्याआड नाणे उडवी, छापा आला तर मोठे यंत्र आणि काटा आला तर छोटे लावी आणि वहीत नोंद करी. वीस फेऱ्या झाल्या. गुरुजींची ११ उत्तरे बरोबर आली, आमची ९.

केवळ अंदाजाने सांगणाऱ्याची सरासरी वीसात दहा. वीसात पंधरा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता नुसत्या नशिबाने सुमारे दोन टक्के असते. तेवढे आले असते तर आम्ही फरक मानला असता. दोन म्हाताऱ्या कानांच्या वीस फेऱ्यांनी जगाचा प्रश्न सुटत नाही हे आम्ही जाणतो. पण मोठे प्रयोगही याच दिशेला बोट दाखवितात. मायर आणि मोरान यांनी २००७ मध्ये अधिक नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणात मध्येच सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून श्रोत्यांना फरक ओळखायला लावला. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी. उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ मध्ये राइस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. बारा हजारांहून अधिक फेऱ्यांत हा कल योगायोगाचा म्हणता येत नाही. म्हणजे काहीतरी फरक कधीकधी कोणाला तरी कळत असावा. पण शंभरात दोन-अडीच उत्तरांचा हा फरक आणि पुस्तिकेतली भाषा यांचा मेळ बसत नाही.

पत्र्याची पेटी

परीक्षा संपल्यावर गुरुजी काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यंत्र मुलाने हौसेने आणलेले नाही. त्याला आजीच्या ओव्या स्पष्ट ऐकायच्या होत्या."

१९८४ च्या दिवाळीत गुरुजींनी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणून आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या. आई आता नाही. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून त्या कॅसेटची संगणकासाठी फाइल करून घेतली. आवाज दबलेला, शब्द अर्धे कळणारे. मुलाला वाटले, चांगला रूपांतरक घेतला तर आवाज मोकळा होईल.

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? रूपांतरक हा पोहरा आहे. फाइल उघडून पाहिली तर ती फार दाबून लहान केलेली निघाली. जागा वाचविण्यासाठी तिच्यातील बरेच बारकावे आधीच काढून टाकलेले होते. ते शेवटच्या टोकाला बसविलेले कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. मात्र मूळ कॅसेट पत्र्याच्या पेटीत शाबूत होती. आमच्या दृष्टीने त्या घरातली सर्वांत मौल्यवान ध्वनिवस्तू ती होती आणि तिच्यावर आजवर एक रुपयाही खर्च झालेला नव्हता.

दुसरा दिवस आम्ही आडासाठी दिला. कॅसेटमधली फीत दाबून धरणारी नमद्याची गादी निखळली होती, ती दुसऱ्या कोऱ्या कॅसेटमधून काढून बसविली. गुरुजींच्या जुन्या टेपरेकॉर्डरचे हेड कापसाने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. मग हेडच्या शेजारचा बारीक स्क्रू हळूहळू फिरविला. याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. १० किलोहर्ट्झच्या सुराची एक लहर तिच्यावर ४.७६ मायक्रोमीटर लांबीत बसते. ध्वनीचा पट्टा दीड मिलिमीटर रुंद. ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याच्या तुलनेत आपले हेड केवळ ०.१८ अंशाने तिरके असेल, तर पट्ट्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पुरी एक लहर पुढे-मागे होते आणि तो सूर पूर्णपणे पुसला जातो. अंशाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी तिरकेपणा! स, श, च ही अक्षरे याच वरच्या पट्टीत राहतात. स्क्रू पाव वळसा फिरला आणि स, श ऐकू येऊ लागले.

मग तो आवाज २४ बिटांत, ४८,००० नमुन्यांनी नोंदविला. येथे २४ बिट खरे कामाचे. आवाज मध्येच उसळला तर तो कापला जाऊ नये म्हणून सर्वांत मोठा आवाज मर्यादेच्या १२ डेसिबेल खाली ठेवला, आणि तरीही खाली भरपूर जागा उरली. फाइल न दाबता साठविली आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या. संध्याकाळी सर्वांनी ऐकले. जात्याची घरघर, मध्येच बांगड्यांचा आवाज, आणि एका ओवीतले जे गावाचे नाव इतकी वर्षे कोणाला लागत नव्हते ते लागले. ते आईचे आजोळ होते. पुढे मात्र अर्ध्या मिनिटाच्या जागी क्रिकेटचे समालोचन निघाले. कोणीतरी पोराने वरून मुद्रण केले होते. ते अर्धे मिनिट गेले ते गेले.

ओव्या वेळेवर जपल्या तर काय होते याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांच्या साहाय्याने १९९० च्या दशकात त्यांतील हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होत आहेत. त्यांत परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. तो आवाज साध्या मोबाइलवर ऐकला तरी पोहोचतो, कारण कोणीतरी वेळेवर तिथे जाऊन तो नीट नोंदविला.

निष्कर्ष

यंत्राविषयी आमचे मत असे. बांधणी उत्तम, खरखर नगण्य, आवाज उतरविण्याची सोय चांगली. पुस्तिकेतील जिन्याचे चित्र दिशाभूल करणारे, २०० तासांचा दावा निराधार. घरी असेल तर आनंदाने वापरावे. नसेल तर त्यासाठी झुरू नये, आणि शाळेने तर मुळीच घेऊ नये.

शिक्षकांना आमची विनंती आहे. पडद्याआडची परीक्षा वर्गात करून पाहा. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. दोन मोबाइल, एक मल्टिमीटर आणि एक नाणे पुरते. आवाज आधी न जुळविता आणि नंतर जुळवून, अशी दोनदा करा. पहिल्या वेळी मुले किती ठामपणे चुकतात हे त्यांना स्वतःलाच दिसू द्या. नंतर मुलांना घरी जाऊन कॅसेटी शोधायला सांगा. चुंबकीय थर वर्षागणिक झिजतो आहे आणि चालते टेपरेकॉर्डरही दुर्मीळ होत आहेत. रूपांतरक पुढल्या वर्षी आणखी चांगला व स्वस्त मिळेल. आजीचा आवाज असलेली फीत मात्र पुढल्या वर्षी आजच्यापेक्षा चांगली असणार नाही.

निघताना गुरुजींनी विचारले, "मग दीड लाख पाण्यात गेले म्हणायचे?" आम्ही म्हणालो, "तसे नाही गुरुजी, त्या निमित्ताने पेटी उघडली." ते म्हणाले, "पेटी उघडायला दीड लाख लागत नाहीत, एवढे तरी लिही." ते लिहिले आहे.